काका, ते मतांचे टक्के नाहीत! गव्हर्नरच्या प्रायमरीवरचा ‘भाव’ वाचायचा कसा

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण होणार, त्याचं प्रेडिक्शन मार्केट, म्हणजे अंदाजावर पैसे लावायचा बाजार. मिकी शेरिल सगळ्यात वर, बाकीचे पार खाली. शेरिलबाईंचा आकडा रोज थोडा हलायचा, आपण लेखापुरता ८० टक्के धरू. नाशिकच्या मोठ्या काकांनी लगेच खाली लिहिलं, “म्हणजे बाकीच्यांची डिपॉझिटं जप्त.”

१० जूनला निकाल लागला. शेरिल जिंकल्या, पण मतं मिळाली साधारण ३४ टक्के. काकांचा मेसेज आला, “तोंडावर आपटलं की रे तुझं मार्केट, ऐंशी म्हणाले आणि आली चौतीस.”

आतेभावाने हसायची इमोजी टाकून विषय सोडून दिला, पण मला राहवेना, कारण मार्केट आपटलंच नव्हतं, त्यात ज्या सगळ्यात वर होत्या त्याच जिंकल्या होत्या. आणि काकांची जी गल्लत झाली ती टीव्हीवर बोलणाऱ्या भल्याभल्यांचीही होते. २०२६ मध्ये तिकडे ३६ राज्यांत गव्हर्नरची निवडणूक, त्याआधी प्रत्येक राज्यात प्रायमऱ्या, आणि आता तर हे आकडे सीएनएनवर आणि गूगल फायनान्सवरसुद्धा दिसायला लागलेत. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी गव्हर्नर आणि प्रायमरी

गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. राजभवन, शपथविधी आणि चहापान एवढंच काम नसतं त्यांना. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री समजा, फक्त आमदारांनी निवडलेला नाही तर थेट लोकांनी मत देऊन निवडलेला.

आणि प्रायमरी म्हणजे तिकीटवाटप. आपल्याकडे तिकीट कुणाला ते दिल्लीत नाहीतर ‘वरिष्ठांच्या’ बंगल्यावर ठरतं, इच्छुक रात्रभर बाहेर गाड्यांत बसून असतात. तिकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षाचे मतदार मतपेटीतून ठरवतात. म्हणजे एकाच पक्षाची माणसं एकमेकांविरुद्ध लढतात, आणि जो जिंकेल तो नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लढतो.

न्यू जर्सीत डेमोक्रॅट्सकडून सहा जण होते. खासदार आणि एकेकाळी नौदलात हेलिकॉप्टर उडवणाऱ्या मिकी शेरिल, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप, दुसरे खासदार जॉश गॉटहायमर, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर, आणि राज्याच्या सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. ही लढत अवघड होण्याचं अजून एक कारण म्हणजे वर्षानुवर्षं तिथे बहुतेक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांमध्ये, पक्षाच्या स्थानिक नेत्यांनी ज्याला पसंती दिली त्याचं नाव मतपत्रिकेवर मोक्याच्या रकान्यात छापायचे, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्याला ‘काउंटी लाइन’ म्हणायचे. सिनेटच्या तिकिटासाठी उभे असलेले खासदार अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली. म्हणजे २०२५ ची ही गव्हर्नर प्रायमरी त्या रकान्याशिवायची पहिलीच, जुने हिशोब चालणार नव्हते. अशा वेळी लोक काय करतात, तर अंदाज बांधतात, आणि काहीजण अंदाजावर पैसे लावतात.

तो ८० चा आकडा येतो कुठून

प्रेडिक्शन मार्केट म्हणजे ‘हे होईल की नाही’ याच्या चिठ्ठ्या विकायचा बाजार. कॅल्शी आणि पॉलिमार्केट ही त्यातली दोन मोठी नावं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘शेरिल डेमोक्रॅटिक उमेदवार होतील’. झाल्या तर चिठ्ठीचा पूर्ण एक डॉलर मिळणार, नाही झाल्या तर शून्य. मधलं काही नाही.

आता अशी चिठ्ठी तुम्ही कितीला घ्याल? तुम्हाला वाटलं की त्या जिंकायची शक्यता निम्मी-निम्मी आहे, तर ५० सेंटच्या वर कशाला द्याल. नव्वद टक्के खात्री असेल तर ८० ला मिळणारी चिठ्ठी स्वस्त वाटेल, तुम्ही उचलाल. असे शेकडो लोक घेतात-विकतात, आणि ज्या किमतीला घेणारा आणि विकणारा जुळतात तो भाव. ८० सेंट भाव, म्हणून स्क्रीनवर ८० टक्के.

लासलगावला कांद्याचा लिलाव बघितलाय का कधी? ट्रॅक्टर उभा असतो, व्यापारी मूठभर कांदा हातात घेऊन बघतात, बोली चढते आणि एका आकड्याला थांबते. तो भाव कुणा एका शहाण्याने ठरवलेला नसतो. कुणाला माहीत असतं की निर्यातीचं काय होणार आहे, कुणाच्या चाळीत माल सडलाय, कुणाचं नुसतं पोट सांगतंय, आणि ते सगळं त्या एका आकड्यात उतरतं. इथेही तसंच, फक्त कांद्याऐवजी उमेदवार.

एक बारीक गोष्ट स्क्रीनशॉटमध्ये कधी दिसत नाही. घेणारा म्हणतो ७८ देतो, विकणारा म्हणतो ८२ च्या खाली देत नाही, आणि स्क्रीनवर मधला ८० झळकतो. ज्या बाजारात गर्दी आहे तिथे हे अंतर एखाद्या सेंटचं असतं. जिथे कुणी फिरकत नाही तिथे घेणारा ६० वर आणि विकणारा ९० वर असं पण असतं, आणि मग तो मधला आकडा म्हणजे कुणीच न मान्य केलेला भाव. त्यामुळे पॉलिमार्केटवर हे अंतर दहा सेंटच्या वर गेलं की मधला आकडा न दाखवता शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो दाखवतात. तो सौदा तासापूर्वीचा असेल, नाहीतर कालचा.

आपल्या भाषेत, २५ पैसे

ज्यांनी सट्टा बाजाराच्या बातम्या वाचल्यात त्यांना हे उलटं वाटेल, कारण आपल्याकडे ज्याचा भाव कमी तो फेव्हरेट. ‘अमुक पक्षाचा भाव ३० पैसे’ म्हणजे रुपया लावला तर जिंकल्यावर वर तीसच पैसे सुटणार, कारण त्याचं येणं जवळपास नक्की धरलंय. ज्याचा भाव पाच रुपये तो बिचारा गेलाच.

दोन्हीत गणित एकच आहे. ८० सेंटची चिठ्ठी घेतली, जिंकलात तर डॉलर मिळाला, म्हणजे ८० वर २० सुटले. ८० ला २० तर १ ला २५ पैसे. शेरिलबाईंचा भाव आपल्या बुकीच्या भाषेत चार आणे. हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला, आणि त्यांना हे गणित आधीपासून कसं येत होतं ते मी विचारलं नाही. तसंही मुंबईचा मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लावण्यातून, तेव्हा आपल्याला तिकडच्या आकड्यांचं वावडं कधीच नव्हतं.

मग ३४ टक्क्यांत जिंकल्या कशा?

इथेच खरी गोम आहे. क्रिकेटच्या मॅचमध्ये पट्टी येते ना खाली, ‘भारत जिंकण्याची शक्यता ९० टक्के’, ती बघून कुणी म्हणतं का की एकूण धावांतल्या नव्वद टक्के भारताच्या? शेवटच्या ओव्हरला चार धावा हव्यात आणि सहा विकेट हातात आहेत, तर शक्यता ९५ च्या पुढे असेल, पण शेवटी दोन्ही टीमच्या धावांत फरक पडेल एखाद-दोन धावांचाच. धावा वेगळ्या, शक्यता वेगळी.

निवडणुकीतही तसंच. मतांचे टक्के म्हणजे धावा, मार्केटचा आकडा म्हणजे ती पट्टी. न्यू जर्सीत सहा जणांत मतं वाटली जाणार होती, आणि तिथे निम्म्याहून जास्त मतं हवीत असा नियम नाही, ज्याला सगळ्यात जास्त तो जिंकला. मे महिन्याच्या पोलमध्ये शेरिल तिशीच्या आत होत्या पण त्यांच्या मागचे सगळे दहाच्या आसपास घोटाळत होते. आता तुम्हीच सांगा, एकीला अठ्ठावीस आणि पाठलाग करणाऱ्यांना दहा-अकरा, आणि ते पाचजण एकमेकांचीच मतं खातायत, तर अठ्ठावीसवाली जिंकायची शक्यता काय अठ्ठावीसच टक्के? ती ऐंशी धरणं अगदी वाजवी होतं. निकालात शेरिल ३४, बराका जेमतेम २१, फुलप १६, बाकीचे त्याखाली. आपल्याकडे पंचरंगी लढतीत तीस टक्क्यांवर आमदार होतात ते वेगळं काय असतं.

पोल असताना मार्केट कशाला?

पोल विचारतो ‘तुम्ही कुणाला मत देणार’. मार्केट विचारतं ‘तुमच्या मते जिंकणार कोण’, आणि नुसतं तोंडाने नाही, पैसे टेकवून सांगा म्हणतं. पोल आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, मार्केट चोवीस तास उघडं. रिपब्लिकन बाजूला मे महिन्यात ट्रम्प यांनी जॅक चिटरेली यांना पाठिंबा दिला, बिल स्पडेया त्याच पाठिंब्याची वाट बघत होते, तर ही बातमी आली की पुढच्या पोलची वाट कोण बघतंय. अशी बातमी मार्केटच्या भावात काही मिनिटांत उतरते. चिटरेलींना शेवटी जवळपास ६८ टक्के मतं पडली.

पण म्हणून मार्केट काही आकाशातून माहिती आणत नाही. तिथले लोकही तेच पोल वाचतात, वर स्थानिक पत्रकारांचं वाचतात, पोस्टाने आलेल्या मतांचे आकडे बघतात, आणि डोकं लावतात. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने साडेतीन कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. एवढा पैसा बघून कुणाला वाटलं असेल की हा घोडा धावणार. ते पाचवे आले. मार्केटचा उपयोग इथे असतो, की नुसत्या गाजावाजाला भुललेल्याला कुणीतरी शांत डोक्याचा माणूस चिठ्ठी विकतो आणि भाव जागेवर येतो.

येतो, म्हणजे बहुतेक वेळा. माणसं पुरेशी असतील तर.

कुणी पैसेवाला भाव फुगवेल की!

हा प्रश्न रास्त आहे आणि घडलेलाही आहे. २०१२ मध्ये इंट्रेड नावाच्या आयर्लंडच्या मार्केटवर एकच माणूस राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ओबामांविरुद्ध लढणाऱ्या रॉम्नींवर पैसे ओतत होता, रॉम्नींवर लागलेल्या एकूण पैशातला सुमारे तिसरा हिस्सा त्या एकट्याचा, असं नंतर अभ्यासकांनी व्यवहार तपासून दाखवलं. ओबामा जिंकले, त्याचे जवळपास ४० लाख डॉलर बुडाले. हौस म्हणून की भाव वर दिसावा म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

२०२४ ला उलटं झालं. पॉलिमार्केटवर एका फ्रेंच माणसाने ट्रम्प यांच्यावर कोट्यवधी डॉलर लावले, सगळे म्हणाले हा भाव फुगवतोय. त्याने मात्र स्वतःच्या खर्चाने सर्व्हे करून घेतला होता, ज्यात लोकांना ‘तुम्ही कुणाला’ असं न विचारता ‘तुमचे शेजारी कुणाला देतील’ असं विचारलं होतं. माणूस स्वतःबद्दल लपवतो, शेजाऱ्याबद्दल मोकळेपणी बोलतो, हे आपल्या सोसायटीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तो सुमारे साडेआठ कोटी डॉलर जिंकला.

पण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक म्हणजे समुद्र. २०२४ ला एकट्या पॉलिमार्केटवर त्या एका प्रश्नावर साडेतीन अब्ज डॉलरच्या वर उलाढाल झाली. एखाद्या राज्याची प्रायमरी त्यापुढे गावचा ओढा. ओढ्यात म्हैस बसली तरी पाणी वर येतं. त्यातून प्रायमरी सुरुवातीच्या महिन्यांत असेल, उमेदवारच ठरले नसतील, तर काही हजार डॉलर लावून कुणीही आपल्या माणसाला ४ वरून १२ वर नेऊ शकतो, स्क्रीनशॉट काढू शकतो, आणि ‘मार्केटमध्ये जोरदार मुसंडी’ म्हणून फिरवू शकतो. भाव दोन दिवसांत परत ४ वर येतो, स्क्रीनशॉट फिरतच राहतो.

आणि आतल्या माणसांचं काय? कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराने तर कॅल्शीवर स्वतःच्याच उमेदवारीवर पैसे लावले आणि वर त्याचा व्हिडिओ टाकला. रक्कम फार नव्हती, दोनशे डॉलरच्या आसपास. कंपनीने दंड केला आणि पाच वर्षांची बंदी घातली. हा सापडला कारण त्याने व्हिडिओ टाकला. प्रचार कार्यालयातल्या ज्याला उद्या कोण माघार घेणार ते आज माहीत आहे तो काही व्हिडिओ टाकत नाही.

८० वाला हरला तर मार्केट खोटं?

नाही, आणि हे पचायला जड जातं. ८० टक्के म्हणजे अशा पाच लढतींतली सरासरी एक हरणार. अशा शंभरच्या शंभर जिंकल्या तर उलट म्हणायला हवं की मार्केट घाबरट होतं, नव्वदच्या वर सांगायला हवं होतं.

न्यू जर्सीनंतर दोनच आठवड्यांनी, २४ जूनला, नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली. तिथे अँड्र्यू कुओमो कितीतरी महिने मार्केटमध्ये फेव्हरेट होते, आणि झोहरान ममदानींनी त्यांना हरवलं. दोन्ही ठिकाणी तेच लोक, तीच पद्धत, तेच डॉलर. एका ठिकाणी फेव्हरेट आला, एका ठिकाणी पडला. एका निकालावरून मार्केट शहाणं की खुळं ते ठरत नाही, त्यासाठी शंभर-दोनशे लढती घ्याव्या लागतात आणि बघावं लागतं की ८० वाल्यांतले खरंच ऐंशीच्या आसपास जिंकले का.

आणि आपल्या फलोदीच्या सट्टा बाजाराचं विसरू नका, २०२४ च्या लोकसभेला तिथून भाजपला तीनशेच्या आसपास जागा येताहेत असे आकडे छापून येत होते, आल्या २४०. सगळे एकाच दिशेला बघत असतील तर भावही त्याच दिशेला बघतो.

ते तळाचे २ टक्केवाले

यादीत खाली दोन-दोन, तीन-तीन टक्क्यांवर नावं असतात. कुणी म्हणेल चला, पन्नासात एक संधी तरी आहे. बहुतेकदा तेवढीही नसते. कारण समजा तुम्हाला पक्कं माहीत आहे की हा गडी येत नाही, तर तुम्ही ‘नाही’ची चिठ्ठी ९८ सेंटला घेणार, चार महिने पैसे अडकवणार आणि सुटणार दोन सेंट. त्यापेक्षा पैसे बँकेत बरे. म्हणून तो भाव शून्यावर ढकलायला कुणी येत नाही. शिवाय लॉटरीचं तिकीट घेणारी माणसं सगळीकडे असतात. सहाही जणांचे भाव बेरीज करून बघा, कितीदा तरी शंभरच्या वर जातात, आणि त्या वरच्या टक्क्यांतला बराच भाग या तळाच्या मंडळींचा असतो.

शेवटी जुगारच ना हा?

काकांचा हा शेवटचा बाण होता. याचं उत्तर अमेरिकेतल्या कोर्टांनाही एका वाक्यात देता आलेलं नाही. वायदे बाजारावर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, सीएफटीसी, म्हणत होती की निवडणुकीवरच्या चिठ्ठ्या नकोत. कॅल्शी कोर्टात गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये जिंकली, आणि ऑक्टोबरपासून उघडपणे निवडणुकीचे सौदे सुरू झाले. राज्यं म्हणतात की हा सरळ सट्टा आहे आणि सट्ट्याचं लायसन्स आम्ही देतो. गंमत म्हणजे त्यात खुद्द न्यू जर्सी आघाडीवर, मार्च २०२५ मध्ये त्यांनी कॅल्शीला खेळांवरच्या सौद्यांसाठी नोटीस धाडली, आणि एप्रिलमध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या कारवाईला तात्पुरती मनाई केली. म्हणजे ज्या राज्याच्या तिकिटाचा भाव लोक बघत होते तेच राज्य त्या कंपनीशी कोर्टात भांडत होतं.

माझं विचाराल तर चिठ्ठी घेणाऱ्यासाठी हा जुगारच आहे, बघणाऱ्यासाठी मात्र फुकटची माहिती. भारतात तर प्रश्नच मिटलाय, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे असले सगळे प्रकार बंद झाले, ओपिनियन ट्रेडिंगच्या देशी ॲप्सनी गाशा गुंडाळला. 

आणि चिठ्ठीवर नेमकं लिहिलंय काय?

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. प्रत्येक राज्याची प्रायमरी वेगळी. जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत परत मतदान होतं, २०२६ ला पहिली फेरी १९ मे आणि दुसरी १६ जून. आता एक चिठ्ठी म्हणते ‘पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त मतं’ आणि दुसरी म्हणते ‘पक्षाचा उमेदवार’. नाव तेच, फोटो तोच, पण भाव वेगळे आणि दोन्ही बरोबर.

कॅलिफोर्नियात तर पक्षाची वेगळी प्रायमरीच नाही. सगळ्या पक्षांचे सगळे एकाच यादीत, आणि पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग दोघं एकाच पक्षाचे का असेनात. तिथे ‘पुढच्या फेरीत कोण जाणार’ या प्रश्नावर भावांची बेरीज शंभर नाही, दोनशेच्या आसपास यायला हवी, कारण जाणार दोघं. आतेभावाने तसा एक स्क्रीनशॉट टाकला की काका परत बेरीज करणार आहेत, हे मला आत्ताच दिसतंय.